नव्वदाव्या मिनिटानंतर: फुटबॉल-चाहत्याच्या सुखदुःखाचे विवेचन

फुटबॉलचा प्रेक्षक आणि फुटबॉलचा चाहता या दोन वेगळ्या जाती आहेत. प्रेक्षकाला सामना आवडतो किंवा आवडत नाही. चाहत्याला तो लागतो. सामना संपला की प्रेक्षक पार्किंगमधून गाडी कशी बाहेर काढायची याचा विचार करतो, चाहता मात्र अजून त्या हुकलेल्या पेनल्टीपाशीच उभा असतो. ‘खेळाकडे खेळ म्हणून पाहा’ हा सल्ला पहिल्याच्या उपयोगाचा आहे, पण त्याला त्याची गरज नसते. दुसऱ्याला तो देणे म्हणजे ‘चाहता असणे सोडून दे’ असे सांगणे. हा लेख दुसऱ्याविषयी आहे. त्याच्या मनाचे चढउतार कशामुळे होतात आणि त्यांतले किती त्याच्या हातात असतात, एवढेच इथे तपासायचे आहे. पराभवाच्या दुःखाला तीव्रता आणि लांबी अशी दोन मापे असतात. तीव्रता खेळाच्या रचनेतून येते, तिच्यावर फारसा इलाज नाही. लांबी मात्र बरीचशी आपण स्वतः वाढवतो. हे माझे प्रतिपादन.

नमुना: फातोर्डा

तपासणीसाठी एफसी गोवाच्या चाहत्याइतका चांगला नमुना आपल्या परिसरात दुसरा नाही. 20 डिसेंबर 2015 रोजी मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना झाला. 87व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री-किकवर गोल केला आणि गोवा 2-1 ने पुढे गेला. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला, भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला आणि चषक चेन्नईला गेला. गोव्याच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून झिको होता. 1986 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध पेनल्टी हुकवलेल्या त्या माणसाला असले दुःख नवे नव्हते. स्टँडमधल्या लोकांना मात्र ते नवे होते.

17 मार्च 2019 रोजी मुंबईतल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत, 117व्या मिनिटाला हेडरने गोल केला. गोवा 0-1 ने हरला. 24 एप्रिल 2024 रोजी पुन्हा फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 ने पुढे होता, आणि मुंबई सिटीने शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल केले. 6 एप्रिल 2025 रोजी त्याच मैदानावर, बेंगळुरूविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात गोव्याने पहिल्या सामन्यातली दोन गोलांची पिछाडी भरून काढली, सामना जादा वेळेकडे निघाला होता, तेवढ्यात चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीने भरपाईच्या वेळेत डोके लावून गोल केला. बेंगळुरू अंतिम फेरीत गेला.

हे सगळे एकाच संघाच्या चाहत्यांनी दहा वर्षांच्या आत सोसले. बाकीचे विवेचन याच सामन्यांच्या आधाराने करतो.

तीव्रता कुठून येते

पहिले कारण खेळाच्या गणितात आहे. 2022 च्या विश्वचषकात 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे सामन्याला पावणेतीनच्याही आत. इतके कमी गुण असलेल्या खेळात एकच घटना सगळे उलटवू शकते, आणि चांगला खेळलेला संघ हरणे ही नित्याची गोष्ट असते. क्रिकेटमध्ये पराभव हप्त्याहप्त्याने येतो. लागणारी धावगती वाढत जाते, एकेक गडी पडतो, मन आपोआप तयारी करत जाते. फुटबॉलमध्ये सगळी वसुली एकदम होते. 87व्या मिनिटाला जल्लोष करणाऱ्या माणसाला पाच-सहा मिनिटांत रिकाम्या हाताने घरी जायचे असते.

दुसरे कारण अपेक्षेचे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडले, की माणूस लाभहानी शून्यापासून मोजत नाही, एका मानलेल्या बिंदूपासून मोजतो, आणि त्या बिंदूच्या खाली जाण्याचे दुःख तेवढेच वर जाण्याच्या सुखापेक्षा जास्त असते. जोफ्रेच्या गोलनंतर गोव्याच्या चाहत्याचा बिंदू ‘सामना’ राहिलाच नाही. चषक मनाने घरी आला होता. पुढे झाला तो पराभव नव्हता, ती चोरी होती. हाच संघ पहिल्यापासून 0-3 ने मागे असता तर आकड्याने मोठा असलेला पराभव कमी बोचला असता.

याचा शुद्ध पुरावा हवा असेल तर 13 मे 2012 घ्या. मँचेस्टर युनायटेडने त्या दिवशी संडरलंडला 1-0 ने हरवले होते. म्हणजे युनायटेडचा चाहता आपला सामना जिंकलेला होता. तरीही मुंबई-पुण्यातल्या अनेक युनायटेडवाल्यांच्या तो दिवस आजही जिव्हारी लागलेला आहे, कारण दुसऱ्या मैदानावर भरपाईच्या वेळेत मँचेस्टर सिटीने दोन गोल केले, त्यातल्या दुसऱ्या, अग्वेरोच्या गोलने विजेतेपद हिरावले, तेही गुण समान असताना केवळ गोलफरकावर. जिंकूनही माणूस हरू शकतो, कारण तो निकालाशी नव्हे, मनातल्या बिंदूशी झगडत असतो.

इथे एक भेद करावा लागतो. 8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोंतेला ब्राझील जर्मनीकडून 7-1 ने हरला, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत फलक 5-0 होता. त्या चाहत्याला आशेने छळले नाही. त्याला तासभर बसून लाज सोसावी लागली. हुकल्याचे दुःख आणि लाजेचे दुःख ही दोन वेगळी दुःखे आहेत. लाज लवकर विनोदात मुरते, ब्राझीलमध्येही मुरली. हुकलेले मात्र ‘जर’ या अव्ययावर वर्षानुवर्षे जगते. फातोर्डाचे दुःख या हुकल्याच्या जातीचे आहे.

गोव्यात हा बिंदू मुळातच उंच होता, हेही ध्यानात घ्यायला हवे. 2007-08 ते 2012-13 या सलग सहा मोसमांत आय-लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. ज्या प्रदेशाने देशाचे विजेतेपद सहा वर्षे घरगुती वस्तू म्हणून वापरले, त्याला दुसरा क्रमांक म्हणजे अपमान वाटणारच.

या साऱ्याचे मोजमापही झाले आहे. ब्रिटनमधल्या पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅककेरन या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो लोकांच्या फोनवरचे एक ॲप त्यांना दिवसातून अधूनमधून ‘आत्ता कसे वाटते’ असे विचारत असे. त्या नोंदी फुटबॉल सामन्यांच्या वेळांशी जुळवून पाहिल्या. पराभवानंतरच्या तासातले दुःख विजयानंतरच्या आनंदाच्या साधारण दुप्पट निघाले, आणि ते टिकतेही अधिक वेळ. म्हणजे निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहता हिशेबाने तोट्यातच असतो. अर्थशास्त्रज्ञाला हे कोडे वाटते. मला वाटत नाही, कारण चाहता सुख विकत घ्यायला येतच नाही. तो कशाला येतो ते पुढच्या भागात.

आपण जिंकलो, ते हरले

1976 मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली. शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. विजयाबद्दल बोलताना ते ‘आपण’ म्हणत, पराभवाबद्दल बोलताना ‘ते’. एकाही विद्यार्थ्याने चेंडूला हात लावलेला नव्हता. दहा वर्षांनी स्नायडर आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू दाखवली: अपयशी गटापासून माणसे हळूच अंतर ठेवतात. सिटी आणि चेल्सी जिंकू लागल्यावर त्यांचे जन्मजात चाहते किती वाढले, हे ज्याने पाहिले त्याला या अभ्यासांची गरज नाही.

खरा चाहता तो, ज्याला हे अंतर ठेवता येत नाही. कोल्हापूर घ्या. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आहेत आणि तीच संघांचीही. शाहू स्टेडियमवर खेळतो तो संघ म्हणजे आपली पेठ, आपली तालीम, आपला गणपती. हरल्यावर संघ बदलायचा तर पत्ताच बदलावा लागेल. एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये बास्केटबॉलच्या चाहत्यांवर प्रयोग केले, तेव्हा संघ हरल्यावर चाहत्यांचा स्वतःच्या कुवतीचा अंदाजही खाली आलेला दिसला. म्हणजे संघाबरोबर माणसाची स्वतःविषयीची किंमतही हलते. तालमीच्या बाबतीत तर ती किंमत सगळ्या गल्लीची असते.

पण याच बांधिलकीत औषधही आहे. डॅनियल वॅन यांनी पुष्कळ वर्षे हेच तपासले आणि दाखवले, की गावच्या संघाशी घट्ट जोडलेल्या माणसांना एकटेपणा कमी जाणवतो. संघ जिंकतो म्हणून नव्हे, सोबत असते म्हणून. हरलेल्या तालमीच्या कट्ट्यावर रात्री जी शिवीगाळ, थट्टा आणि चहा चालतो, तो उपचारच असतो. गोव्याचा चाहताही फातोर्डाहून मित्रांसोबत बाहेर पडला, वाटेत थांबला, चार जणांना तेच पुन्हा सांगितले, मग घरी गेला.

आता पुण्यातल्या सदाशिव पेठेत लिव्हरपूलचा चाहता घ्या. चॅम्पियन्स लीगचा सामना आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतो. घर झोपलेले, हेडफोन कानात, गोल झाला तरी ओरडायची सोय नाही. दुःख त्याने आयात केले, पण ॲनफिल्डच्या गल्लीतली सोबत आयात करता येत नाही. स्थानिक चाहतेपणातले ओझे त्याच्या वाट्याला पूर्ण येते आणि आधार अर्धाही येत नाही. दूरच्या क्लबांच्या चाहत्यांची हळहळ इतकी कडवट असते ती यामुळे, असे माझे मत आहे. मोठ्या शहरांत अशा क्लबांचे चाहते एकत्र जमून सामने बघतात, त्याला मी पोरखेळ मानत नाही.

शरीर

भावना मनात असतात हा अर्धाच भाग झाला. 1994 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी आणि नंतर ब्राझील व इटलीच्या चाहत्यांची लाळ तपासली गेली; जिंकलेल्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले होते, हरलेल्यांचे घटले होते, आणि हे सगळे पडद्यासमोर बसून. 2006 च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या 2.66 पट झाल्या. 30 जून 1998 रोजी इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरला, त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडच्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे एक चतुर्थांशाने वाढले. ज्याच्या छातीत स्टेंट आहे त्याने सामन्याच्या दिवशी गोळी चुकवू नये, सिगारेट टाळावी आणि पेनल्टी शूटआउटच्या वेळी खोलीबाहेर जाण्यात कमीपणा मानू नये.

झोपेचा मुद्दा याहून साधा आणि याहून दुर्लक्षित. पहाटे साडेतीनला संपलेल्या सामन्यानंतर चार तास झोपून ऑफिसला गेलेला माणूस दिवसभर जो चिडका असतो, त्यातले बरेचसे श्रेय संघाला नसून जागरणाला असते. तो मात्र सगळे खाते संघाच्या नावावर टाकतो.

शाप आणि गुन्हेगार

लांबी वाढवण्याचे दोन हुकमी मार्ग आहेत: पराभवाला शाप मानणे आणि एक गुन्हेगार ठरवणे.

2015, 2024, 2025: तिन्ही वेळा फातोर्डा, तिन्ही वेळा शेवटची मिनिटे. शाप म्हणायला आणखी काय हवे? पण फुटबॉलमध्ये शेवटच्या मिनिटांत गोल जास्त होतात हे सर्वत्र खरे आहे. बचाव करणारे पाय थकलेले असतात, मागे पडलेला संघ गमावण्यासारखे काही नसल्याने सगळे पुढे लोटतो, आणि आघाडीवरचा संघ आपल्याच गोलकडे सरकत जातो. मुंबई सिटीच्या तीन गोलांत दैव कमी आणि पाय जास्त होते. शिवाय चाहत्याची स्मृती पक्षपाती असते. आपल्या संघाने शेवटी मारलेले गोल तिला ‘जिद्द’ म्हणून आठवतात, खाल्लेले गोल ‘नशीब’ म्हणून. शापावर विश्वास ठेवणारा पुढचा सामनाही आधीच भोगून टाकतो. त्याचे दुःख संपायच्या आत नवे सुरू होते.

गुन्हेगाराचे तर याहून वाईट. 16 जुलै 1950 रोजी मारकानावर ब्राझील उरुग्वेकडून 2-1 ने हरला आणि गोलरक्षक बार्बोसा देशाचा अपराधी ठरला. तो 2000 मध्ये वारला तेव्हाही तो अपराधीच होता. पन्नास वर्षे त्या एका माणसावर राग धरून ब्राझीलच्या चाहत्यांनी त्याला तर छळलेच, स्वतःचे दुःखही पन्नास वर्षे ताजे ठेवले. गोव्यात कट्टीमनीचे तसे होणे सहज शक्य होते. अंतिम सामन्यातला स्वयंगोल याहून कोणता गुन्हा मोठा? पण त्याच सामन्यात त्याने पेनल्टीही अडवली होती, हे विसरता कामा नये. पुढे 20 मार्च 2022 रोजी हैदराबाद एफसीकडून खेळताना, याच फातोर्डावर, केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवून चषक जिंकून दिला. ज्याने 2015 मध्ये त्याला कायमचे अपराधी ठरवले असेल, त्याचा निवाडा खेळानेच रद्द केला. हे वाचून गोव्याच्या चाहत्याला आनंद होतो की दुसऱ्यांदा दुःख होते, हे मात्र शास्त्राला सांगता येणार नाही.

या हैदराबाद क्लबची जन्मकथा आणखी एका जातीच्या दुःखाकडे नेते. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2010 मध्ये संपला होता. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. हरलेल्या चाहत्याला निसर्गाने दिलेले एक औषध असते, पुढचा सामना. क्लबच गेला की ते औषधही जाते. बालेवाडीत पुणे सिटीची नारिंगी जर्सी घालून बसलेल्यांना कोणी हरवले नाही, फक्त वेळापत्रकातून त्यांचे नाव गेले. यावर मनोवैज्ञानिक उपाय मला दिसत नाही. हे दुःख व्यवस्थेचे आहे आणि त्याचा जाब फेडरेशन, लीग आणि मालकांनाच विचारला पाहिजे.

लांबी कशी आटोक्यात ठेवावी

टिमथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये विद्यापीठातल्या चाहत्यांना विचारले, की सामन्याचा निकाल तुम्हाला किती दिवस सुखी किंवा दुःखी ठेवेल. चाहत्यांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा मोठे निघाले. पण ज्यांना आधी पुढच्या एका दिवसात काय काय करणार आहात हे लिहायला लावले होते, त्यांचे अंदाज बरेच खाली आले. पराभव एकटा डोळ्यासमोर असतो तेव्हा अवाढव्य दिसतो. त्याच्या शेजारी मुलीची परीक्षा, गॅसचा नंबर आणि कामावरची मीटिंग ठेवली की त्याचा आकार खरा दिसू लागतो. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचे काहीतरी ठरवून ठेवणे, तेही शक्यतो दुसऱ्या माणसाबरोबर, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पहिला तास सर्वांत वाईट असतो हे डॉल्टन-मॅककेरन सांगतात, आणि नेमका त्याच तासात चाहता फोन उघडतो. पंचाचा निर्णय दहा कोनांतून पाहतो, प्रतिस्पर्ध्याच्या टवाळीला उत्तरे देतो, आपल्याच बॅकला शिव्या देतो. हा तास फोनशिवाय चालण्यात, जेवण्यात किंवा समोरासमोर भांडण्यात घालवावा. ‘हरणारच आहोत’ असे आधीच म्हणून ठेवण्याचा लोकप्रिय उपाय मला फारसा पटत नाही. त्याने दुःखाबरोबर आनंदही बोथट होतो, आणि गोल झाला की चाहता तो करार मोडतोच. 22 नोव्हेंबर 2022 रोजी अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून 2-1 ने हरला, तेव्हा मेस्सीच्या किती चाहत्यांनी स्पर्धा मनातून सोडली होती! 18 डिसेंबरला तेच लोक रस्त्यावर नाचत होते. आशा बंद करता येत नाही, म्हणून ती बंद करण्याचा आव आणू नये.

रागाबद्दल मात्र सवलत नाही. 2002, 2006 आणि 2010 च्या विश्वचषकांत लँकेशर पोलिसांकडे आलेल्या कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी इंग्लंड हरल्यावर 38 टक्क्यांनी आणि जिंकल्यावर किंवा बरोबरी झाल्यावरही 26 टक्क्यांनी वाढल्या होत्या. ज्या घरात सामन्याच्या दिवशी बायकोमुले दबून वावरतात, तिथे प्रश्न संघाचा नसून त्या पुरुषाचा आणि बहुधा त्याच्या दारूचा आहे. त्याने सामने पाहणे थांबवावे. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

आणि शेवटी, दुःखाला मुदत असते हे गृहीत ज्या ठिकाणी मोडते ते ठिकाण. 1975 मध्ये कोलकात्यात आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान ईस्ट बंगालकडून 5-0 ने हरला आणि एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. बंगालमध्ये ही गोष्ट निष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी सांगू नये. आठवडा उलटला तरी ज्याची झोप, जेवण आणि काम पूर्वपदावर येत नाही, त्याचे दुःख फुटबॉलचे राहिलेले नसते. सामना फक्त निमित्त असतो. आपल्या ग्रुपमध्ये असा कोणी गप्प झालेला दिसला तर त्याला ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ म्हणू नका. त्याच्या घरी जा, त्याला डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येते.